विहिरीपासून ८४ फूट

आमचं गाव बॉस्टनच्या पश्चिमेला, मॅसॅच्युसेट्समध्ये. गावात ड्रेनेजची लाइन नाही. प्रत्येक घराची आपली सेप्टिक टँक आणि आपली बोअर. २०२४च्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या बाथरूममध्ये पाणी तुंबायला लागलं. टँक उपसायला आलेल्या माणसाने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, टँक चांगली आहे, लीच फील्ड गेलंय. टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणारं भोकांच्या पाइपांचं जाळं म्हणजे लीच फील्ड. आपल्याकडचा शोषखड्डा करतो तेच काम, फक्त अंगणभर पसरून. रीतसर तपासणीतही ‘फेल’ शेरा आला. इथे सांडपाण्याच्या नियमांना सगळे ‘टायटल फाइव्ह’ म्हणतात. त्यानुसार फेल झालेली यंत्रणा २ वर्षांच्या आत नीट करावी लागते.

सप्टेंबरात इंजिनिअरने अंगणात जेसीबीसारख्या यंत्राने खोल खड्डा घेतला. गावच्या बोर्ड ऑफ हेल्थचा, म्हणजे आरोग्य मंडळाचा, एजंट शेजारी उभा होता, कारण ही चाचणी त्याच्यासमोरच व्हावी लागते. खड्डा कोरडा ठणठणीत. मला वाटलं, सुटलो. पण माती तपासणारा खाली वाकला, सुरीने खड्ड्याची भिंत खरवडली आणि बोट ठेवून दाखवलं: करड्या मातीत गंजासारखे नारिंगी ठिपके, वरून ३४ इंचांवर. पावसाळी महिन्यांत भूजल इथवर चढतं, त्याची ही खूण. आज पाणी दिसत नसलं तरी माती ते विसरत नाही. फील्डचा तळ त्या खुणेच्या ४ फूट वर हवा, म्हणजे अंगणात भराव घालून उंचवटा करणं आलं. मग पाणी मुरण्याची चाचणी. छोट्या खड्ड्यात पाणी भरून १५ मिनिटं भिजू दिलं, नंतर ९ इंचांवरून ६ इंचांवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. २४ मिनिटं. इंचाला ८, चांगली माती.

अडचण दुसरीच निघाली. फील्ड पिण्याच्या विहिरीपासून १०० फूट लांब हवं. आमची बोअर समोरच्या बाजूला, तिचा प्रश्न नव्हता. पण शेजारच्या आजींची बोअर कुंपणाला लागून. फील्ड कसंही फिरवलं तरी अंतर ८४ फुटांच्या पुढे जाईना. म्हणजे बोर्डाकडून सवलत मागायची, व्हेरियन्स.

त्यासाठी लगतच्या सगळ्या मालकांना मिटिंगच्या किमान १० दिवस आधी सर्टिफाइड टपालाने कळवावं लागतं. मी नियमाप्रमाणे पत्रं पाठवली, पावत्या जपून ठेवल्या आणि तिथेच चुकले. आजींच्या दारात जाऊन एक शब्द बोलले नाही. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या बाईंना पोस्टमनने सही घेऊन सरकारी भाषेतलं पत्र दिलं, की तुमच्या पिण्याच्या पाण्याजवळ शेजाऱ्यांचं सांडपाणी येणार आहे. त्यांच्या जागी माझी आई असती तर तिला रात्रभर झोप लागली नसती.

ऑक्टोबरच्या मिटिंगला टाउन हॉलच्या छोट्या खोलीत बोर्डाचे तिघे सदस्य, एजंट, गावची नर्स आणि आम्ही काही जण. पहिला विषय फ्लूच्या लशीचा: शाळेच्या जिममध्ये किती टेबलं, ६५ वर्षांवरच्यांसाठीचे जास्त ताकदीचे डोस किती, घराबाहेर पडता न येणाऱ्यांकडे नर्सने कधी जायचं. लगेच दुसरा विषय आमची सेप्टिक. मला आधी हे विचित्र वाटलं होतं, पण त्या खोलीत बसल्यावर वाटेनासं झालं. पाण्यातून येणारा आजार आणि हवेतून येणारा आजार, दोन्ही अडवणारं दार एकच. राज्यात ३५१ गावं-शहरं आहेत आणि हे काम ज्याने त्याने आपल्या गावात करायचं. १९०२मध्ये देवीची साथ आली तेव्हा लस घेण्याचा हुकूम काढला तो याच राज्यातल्या केंब्रिजच्या अशाच बोर्डाने. हेनिंग जेकबसन यांनी तो मानला नाही, त्यांना ५ डॉलर दंड झाला आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९०५मध्ये निकाल बोर्डाच्या बाजूने लागला.

आजी उठल्या. कागद धरलेला हात थरथरत होता. “हे पाणी मी प्यायचं का?” एवढंच विचारलं. इंजिनिअरने उत्तर दिलं ते आकड्यांत. बोर्डाने निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला, आणि ते बरोबरच होतं.

मधल्या शनिवारी मी सासूबाईंना फ्लूच्या लशीला घेऊन गेले. त्या कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. प्रवासी विम्यात लस बसत नाही, म्हणून मी चाचरत विचारलं. नर्स म्हणाली, विमा नसला तरी चालेल, बाही वर करायला सांगा. लस झाल्यावर १५ मिनिटं थांबायच्या खुर्च्यांवर शेजारी नेमक्या आजी. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या मला म्हणाल्या, “अगं, त्यांना विचार, पाणी लागतं कसं?” मी विचारलं. आजी थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, थंड असतं, जरा लोखंडाचा वास येतो, नवऱ्याने ती बोअर घेतली त्या वर्षी मुलगी झाली. तिथेच मी माफी मागितली आणि म्हटलं, दर वर्षी तुमचं पाणी आम्ही आमच्या खर्चाने तपासून घेऊ, नायट्रेट आणि जिवाणू, म्हणजे सांडपाणी मिसळल्याच्या खुणा, दोन्हींसाठी.

नोव्हेंबरात बोर्डाने हीच अट लेखी घालून परवानगी दिली. शिवाय घरात तीनपेक्षा जास्त बेडरूम कधी करायच्या नाहीत, हे मालमत्तेच्या दस्तात नोंदवायला लावलं. बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन धरतात, आमचं फील्ड ३३० गॅलनचं. खर्च भरपूर झाला, पण स्वतः राहत असलेल्या घरासाठी राज्याच्या आयकरात खर्चाच्या ६० टक्के, एकूण १८,००० डॉलरपर्यंत आणि वर्षाला जास्तीत जास्त ४,००० डॉलर सूट मिळते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी ती जरूर घ्यावी.

मे महिन्यात आजींच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा पहिला नमुना गेला. प्रयोगशाळेचा अहवाल ईमेलने येतो. आजी ईमेल बघत नाहीत, म्हणून मोठ्या अक्षरात छापून घेतला आणि नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून नायट्रेटची ओळ दोनदा वाचली आणि मला आत बोलावून त्याच नळाचं पाणी प्यायला दिलं.