चर्चच्या तरुण गायनवृंदासोबतचा आजचा दिवस

आज आमचा तरुण गायनवृंद सेवेसाठी वृद्धाश्रमात गेला होता. सकाळी भिंती रंगवल्या, चादरी बदलल्या, खिडक्या पुसल्या. मुलं मनापासून राबली.

पण मनात घर करून राहिलं ते दुपारचं गाणं. स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी स्वतःच्या मुलीलाही ओळखत नाहीत, असं तिथल्या ताईंनी सांगितलं होतं. मुलांनी उपासनेतलं एक जुनं गीत चार आवाजांत सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याला आजी गाऊ लागल्या, एकही शब्द न चुकता! लहानपणी मुरलेली गाणी या आजारातही बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात, हे वाचलं होतं. समोर पाहताना मात्र गळा दाटून आला. कुणी खूण न करता मुलांनी आवाज खाली घेतला. टेनर आणि बास, म्हणजे खालच्या सुरांत गाणारे मुलगे, तर नुसते गुणगुणत होते, आजींचा आवाज वर राहावा म्हणून. किती अभिमान वाटला त्यांचा!

एका आजोबांना गाणं नको होतं, बोलायचं होतं. आमची एक सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच सुरांत गाणारी मुलगी, कार्यक्रम सोडून त्यांच्याजवळ बसून राहिली. माझ्या मते तीच आजची सगळ्यात मोठी सेवा.

फोटो टाकत नाही. ज्यांना परवानगी देणंही जमत नाही, त्यांचे चेहरे इथे नकोत.

ताई म्हणाल्या, एकदाच येऊन जाणारे खूप असतात. म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. मोठ्या अक्षरांतल्या गीतांच्या प्रती हव्या आहेत. कुणी छापून देऊ शकत असेल तर नक्की कळवा.