मेळाव्यातली मनोगतं

आमच्या महिला मंडळाचा वार्षिक मेळावा संक्रांतीनंतरच्या रविवारी शाळेच्या सभागृहात भरतो. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगतची आमची वाडी, मंडळही वाडीएवढंच. वर्षभर सणासुदीच्या कागदाच्या आणि फेल्टच्या वस्तू करायच्या, आणि मेळाव्याला त्या सगळ्या एकत्र मांडायच्या. नारळी पौर्णिमेचा बेगडीत मढवलेला नारळ, चतुर्थीचं मखर, दिवाळीचे कंदील, नाताळचे तारे, संक्रांतीच्या वाणाच्या पिशव्या असं अख्खं वर्ष लांबच लांब टेबलांवर मांडलेलं असतं. चिटणीस म्हणून मी बरीच वर्षं त्या टेबलांमागे उभी राहिले आहे. आता पद नव्या मुलींकडे आहे, तरी टेबलांवरच्या चादरी मीच अंथरते.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, अहवाल, जमाखर्चाला मंजुरी हे सगळं दरवर्षी रीतसर होतं. पाहुणे चांगलं बोलतात. पण मी वाट पाहते ती त्यानंतरच्या मनोगतांची. आमच्याकडे प्रथा अशी आहे की, ज्याने वस्तू केली त्याने ती हातात घेऊन उभं राहायचं आणि ती कशी केली, कुणासाठी केली तेवढं सांगायचं. माईक घ्यायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

बंदरावरच्या एक आजी एकदा कंदील घेऊन उभ्या राहिल्या. "माका भाषण येणा नाय. ह्यो कंदील माझ्या नातवान केल्यान. मी फक्त खळ शिजयलंय." एवढं बोलून त्या बसायला निघाल्या, तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी त्यांना थांबवलं आणि खळ कशी शिजवली ते विचारलं. मग आजी जे बोलल्या ते सगळ्या सभागृहाने कान देऊन ऐकलं. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, रात्रभर भिजत घालायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे आणि मंद विस्तवावर ढवळत राहायचं. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं आणि ते भांडं स्वयंपाकाला पुन्हा वापरायचं नाही. सावंतवाडीच्या गंजिफांचे पत्ते तयार करतानाही हीच चिंचोक्याची खळ लागते, हे त्या दिवशी आमच्या कितीतरी मुलींना पहिल्यांदा कळलं. पावसाळ्यात आमच्या हवेत बाजारचा डिंक दोन-दोन दिवस वाळत नाही. तेव्हापासून मंडळाचे कंदील खळीनेच चिकटवले जातात. बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद ताणून बसतो आणि कंदिलावरच्या कागदी करंज्यांचे काठ उचलत नाहीत.

फेल्ट आमच्याकडे उशिरा आलं. मुंबईहून लग्न होऊन आलेल्या एका सुनेने ते आणलं. विणलेलं कापड नसल्यामुळे कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत, दुमडून शिवावं लागत नाही, म्हणून दुसरीतल्या मुलीच्या हातातही ते सुरक्षित. खरं फेल्ट लोकरीचं. लोकर ओली करून, गरम पाण्यात दाबत-चोळत तिचे तंतू एकमेकांत गुंतवतात. काश्मीरचे नमदे याच रीतीने होतात. आम्हाला बाजारात मिळतात ते तक्ते बहुतेक पॉलिएस्टरचे. आमच्या दमट हवेत ते एका अर्थी बरंच, लोकरीला कसर लागते. त्या सुनेने पहिल्या वर्षी मोदकांचं तोरण केलं, पांढऱ्या फेल्टच्या पाकळ्या आणि कडेने काजटाका. पुढच्या वर्षी कोळीवाड्यातल्या बायकांनी नारळी पौर्णिमेसाठी बांगडे आणि पापलेटं केली. पापलेटाची शेपटी कशी वळते यावरून टेबलाशी जो वाद झाला, तो मासे रोज हाताळणाऱ्यांचा होता. त्या वादात कोणीही विद्वान टिकला नसता.

फेल्टच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळा-फुलांच्या चौकटीला, जे लागतं ते रानातूनच यावं. कवंडळं, हरणाची फुलं, कांगणी, सुपारीची शिपटं, नारळाची पेंड फेल्टमध्ये करायची टूम एका वर्षी निघाली होती. मी विरोध केला आणि अजूनही करीन. दारावरचं तोरण, मखराची झालर हवी तितकी फेल्टची करा. गणपतीच्या डोक्यावर मात्र पावसाने भिजलेलं, रानाचा वास असलेलंच टांगलेलं असावं.

माझ्या आठवणीत सगळ्यात खोल गेलेलं मनोगत मात्र एका पुरुषाचं आहे. हे दादा चतुर्थीची थर्माकोलची मखरं करायचे. तापलेल्या तारेने अशी जाळी कापायचे की, लोक आधी मखर बघायचे आणि मग गणपती. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली. जुलैमध्ये उच्च न्यायालयानेही सजावटीच्या थर्माकोलला सवलत नाकारली. दादांची तयार मखरं माळ्यावर तशीच राहिली आणि चतुर्थी सप्टेंबरात होती. श्रावणात एका दुपारी ते आमच्या मंडळाच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि "वहिनी, कागदाचं काय जमतं का बघू या?" एवढंच म्हणाले.

पुढच्या मेळाव्यात ते पुठ्ठ्याचं मखर घेऊन उभे राहिले. थर्माकोलबद्दल त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पन्हळी पुठ्ठ्याच्या पन्हळी उभ्या धरल्या की खांब वजन घेतो, आडव्या धरल्या की ओणवतो, हे त्यांनी दोन तुकडे हातात दाबून दाखवलं. जोडाला खिळा नाही, खाचेत खाच बसवलेली. विसर्जनानंतर मखर चपटं घडी करून कपाटामागे ठेवायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभं करायचं. वरून हातकागदाचा साज. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची. तिच्यासारख्या ठिकाणी सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो. सुताचे तंतू लांब असल्यामुळे तो घडीवर तुटत नाही. दादा हे सगळं सांगत होते आणि त्यांचा धाकटा मुलगा खाली बसून घड्या मोजत होता. शेवटी ते म्हणाले, "माझी सुरी तीच आहे. आता तार तापवावी लागत नाही." मी समोर बसून रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या दिवशी सभागृहात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, याचं दुःख मला आजही आहे.

हजेरीचं मला बोलावंच लागेल. मेळावा येतो जत्रांच्या हंगामात, हे मला कळतं. ग्रामदेवतेचा उत्सव आणि दशावतार सोडून या, असं मी कोणाला म्हणणार नाही. पण चाकरमानी मंडळी चतुर्थीला वाडीत असतात, आमची तोरणं, कंदील आवडीने मुंबईला नेतात, त्यांचे फोटो पाठवतात, आणि मेळाव्याला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतात. जे येतात त्यांतलेही काही नेमके जेवणाच्या सुमारास येतात. आंबोळ्या-उसळ आणि रसातल्या शिरवाळ्या सगळ्यांना पुरतात, त्याची मला कधीच चिंता नसते. चुटपुट एवढीच की, ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडलं, तिचं बोलणं या लोकांनी ऐकलं नाही.

कुडाळजवळचं पिंगुळी गाव आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या ठाकर कुटुंबांनी चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेची, कागदावरची चित्रं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यांतल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ते साल करोनाचं. मेळावा घरोघरी फोनवरच झाला. त्यानंतर प्रत्यक्ष भरलेल्या पहिल्या मेळाव्यात आम्ही त्या बातमीचं कात्रण हातकागदावर चिकटवून दारातच लावलं. कागदावरचं काम एवढ्या मानाला पोचतं, हे मुलांनी आत येतानाच बघावं म्हणून.

आता आभार. हे लिहिताना कुणी राहील या काळजीने मी जुन्या वह्या काढून बसले आहे. सभागृह उघडून झाडून देणारे शाळेचे शिपाईकाका. कागदाच्या गठ्ठ्याला एसटीत कोरड्या जागी बसवून आणणारे वाहक. बाजारातले स्टेशनरीवाले चाचा, ज्यांनी घोटीव कागदाची उधारी कधी मागितली नाही. छापखान्यातले मामा, ज्यांनी मोठ्या कटरवर आमचे तक्ते फुकट कापून दिले. चिंध्या आणि अस्तराचे तुकडे देणारे दोन्ही शिंपी. कामट्या तासून देणारे आबा, आणि नाताळच्या ताऱ्याचा सांगाडा कसा बांधायचा ते शिकवणाऱ्या ख्रिस्ती वाड्यातल्या मावशी आणि त्यांची भावजय. शिडीवर चढून माळा बांधणारी मुलं, त्यांना खालून धरणारी मुलं. वीज गेली तेव्हा जनरेटर घेऊन आलेला वायरमन. पहाटेपासून नारळ खवणाऱ्या आणि शिरवाळ्यांचा साचा दाबणाऱ्या काकी, आणि तो जड साचा स्वतःच्या घरून आणणाऱ्या वाणीणकाकू. फोटो काढून वेळेवर प्रती देणारा भाचा. पहिली वर्गणी देणाऱ्या आणि आता नसलेल्या आमच्या दोघी संस्थापक. आणि चपलांची रांग लावणारी पाचवीतली ती मुलगी, जिला मी मागच्या आभारांत विसरले नव्हते आणि याही वेळी विसरणार नाही.

येत्या मेळाव्यासाठी जुन्या कंदिलांचे सांगाडे हवे आहेत. मोडके असले तरी चालतील, आबा ते दुरुस्त करून देणार आहेत. मुंबईकरांनी ते कोकण रेल्वेत बर्थखाली ठेवून आणावेत आणि सकाळी दहापर्यंत पोचावं. मनोगतं अकराला सुरू होतात, आणि दादांचा धाकटा मुलगा या वेळी स्वतः केलेल्या मखराबद्दल बोलणार आहे.