भिंतीत नवं दार काढताना: आधी लिंटल, मग तोडफोड

सगळ्यात आधी भिंत ओळखा. प्लास्टर खरवडून पाहा. ९ किंवा १४ इंची वीटकाम असेल, तर जुन्या चाळीत वरच्या मजल्याचा भार त्याच भिंतीवर असतो. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीची (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली) काँक्रीट भिंत असेल तर विषय तिथेच सोडा. त्यातली सळई कापणं म्हणजे इमारतीचं हाड कापणं. साडेचार इंची पार्टिशन असलं तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची लेखी परवानगी हवीच.

गवंडी घाईत आधी भोक पाडतात आणि वरच्या विटा त्रिकोणात निखळतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. ३ फुटी दारासाठी ४ फुटांचं तयार आरसीसी लिंटल (दारावर बसणारी, सळई घातलेली काँक्रीटची आडवी तुळई) घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना ६ इंच टेकू मिळतो. तेवढीच खाच कापा, लिंटल बसवा आणि वरची फट कोरडसर सिमेंट-वाळूने ठासून भरा. ही फट नीट भरली नाही, तर महिन्याभरात दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. मसाला पुरता आवळला की मगच खालचं तोडा.

दोन्ही बाजूंनी कटरने रेघ मारा आणि वरून खाली विटा काढा. घण नको, शेजारच्यांच्या टाइल्स सुटतात. स्विचबोर्डाच्या वर-खाली वायरचे पाइप असतात, तिथे आधी मेन बंद करा.

साडेचार इंची भिंतीत ३ बाय ७ फुटांतून जवळपास पाचशे किलो रॅबिट (तोडफोडीचा राडारोडा) निघतं, म्हणजे वीस-पंचवीस गोण्या. लिफ्टचं आधीच विचारून ठेवा. चौकटीला प्रत्येक बाजूस तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या), आणि जुन्या-नव्या प्लास्टरच्या सांध्यावर चिकन जाळी (बारीक तारेची जाळी) लावा.