जांभ्याची माती आणि सीबीआरचं मॉडेल

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात रस्त्याच्या मातीचं टेस्टिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त ताटकळत ठेवतं ते सोक्ड सीबीआर, म्हणजे भिजवलेल्या मातीची भार पेलायची ताकद प्रमाणित खडीच्या तुलनेत किती टक्के ते सांगणारी टेस्ट. माती मोल्डमध्ये ठोकायची, वर वजनं ठेवायची, चार दिवस पाण्यात बुडवायची, मग ५० मिमीचा प्लंजर मिनिटाला १.२५ मिमी या वेगाने आत घालायचा आणि २.५ व ५ मिमीला किती लोड येतो ते बघायचं. भिजवणं टाळून चालतच नाही, वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस झेलणारा रस्ता आहे हा. पण तोवर डंपर उभे आणि कॉन्ट्रॅक्टरचे फोन सुरू.

म्हणूनच मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज बांधायला शिकणारं मॉडेल, मला मनापासून कामाचं वाटतं. लिक्विड लिमिट (किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते), पीआय (माती किती ओलाव्यापर्यंत मळता येते ती मर्यादा), ग्रेडेशन (कणांच्या आकाराचं प्रमाण), ओएमसी आणि एमडीडी (कुठल्या ओलाव्याला माती सगळ्यात घट्ट ठोकली जाते, आणि तेव्हाची कोरडी घनता) हे सगळं त्यामानाने लवकर हातात येतं, ते रँडम फॉरेस्टसारख्या (अनेक निर्णयवृक्षांचा मिळून अंदाज देणाऱ्या) मॉडेलला दिलं की सीबीआरचा अंदाज मिळतो, आणि कुठल्या खाणीतला मुरूम आधी तपासायचा हे तरी त्याच दिवशी ठरतं.

पण देशावरच्या काळ्या मातीच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल इथे आणून चालवू नका हो! एखाद्या चिरेखाणीच्या कडेला उभं राहून बघा, वरती कडक जांभा, आणि खाली उतरत जाल तशी पांढरट-गुलाबी मऊ माती जी बोटांनी चुरडते, आणि तिथून खाडीकडे गेलं की खाजणातला (भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीतला) काळा चिखल. एकाच रस्त्याच्या कामात हे तिन्ही येतात.

त्यात जांभ्याच्या मातीची एक खोड आहे. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइड भरपूर, ओव्हनमध्ये वाळवली की बारीक कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि लिक्विड लिमिट कमी येते. म्हणजे माती तीच, एका लॅबने हवेत वाळवली दुसऱ्याने ओव्हनमध्ये, आणि एक्सेलमध्ये दोन वेगळ्या माती! रिपोर्टवर कशी वाळवली ते बहुतेक वेळा नसतंच, मग मॉडेल बिचारं काय शिकणार. माझ्या मते अल्गोरिदम कुठला यावर वाद घालण्यापेक्षा शीटमध्ये हा एक कॉलम टाका, त्याने जास्त फरक पडेल.

दुसरं, मॉडेल तपासायला डेटाचे ट्रेनिंग आणि टेस्ट असे भाग करताना ते रँडम पाडू नका. एकाच खाणीचे सॅम्पल ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही गेले की आर-स्क्वेअर (अंदाज खऱ्या आकड्यांशी किती जुळतो त्याचं माप) झकास येतो, नवीन खाण लागली की मॉडेल आपटतं. अख्खी खाण बाजूला ठेवून तपासा.

आणि चूक किती यापेक्षा कुठे होते ते बघा. आयआरसी ३७ (डांबरी रस्त्यांच्या डिझाइनची भारतीय मार्गदर्शिका) च्या २०१८ च्या आवृत्तीत सीबीआर ५ पर्यंत रेझिलियंट मॉड्युलस, म्हणजे वाहनाच्या भाराखाली मातीचा ताठरपणा, एमपीएमध्ये सरळ सीबीआरच्या १० पट धरतात, त्यापुढे १७.६ गुणिले सीबीआरचा ०.६४ घात. म्हणजे २० ऐवजी २२ सांगितलं तर १२० चं १२७ एमपीए होतं, फार बिघडत नाही, पण ३ ऐवजी ५ सांगितलं तर ३० चं थेट ५०, आणि क्रस्ट, म्हणजे मातीवरच्या रस्त्याच्या थरांची जाडी, कमी होऊन बसते. म्हणून मॉडेलने ८ च्या खाली आकडा दिला किंवा माती खाजणातली असली की मी मोल्ड पाण्यात टाकतेच, मग कुणाचे कितीही फोन येवोत.