मामाचो तुकडो

मामाला ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ, निघाला तेव्हा घरात कुणाला ते नाव धड उच्चारताही येत नव्हतं. डोकं दुखतंय, उन्हामुळे असेल, असं करत देवगडातच दोन महिने गेले, मग एक दिवस बागेत शिडीवरून उतरताना डावा पाय उचलेचना आणि आम्ही रातोरात गाडी करून मुंबई गाठली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आली, गाठीचा उरलेला तुकडा रिसर्चसाठी ठेवू का विचारायला. मामाने चष्मा लावून फॉर्म शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "माका तो घेवन काय करूचो हा? कोणाचा बरा होत असात तर ठेवा."

मामा गेला. तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय. रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइडची गोळी द्यायची पद्धत २००५ च्या एका ट्रायलनंतर रुळली, त्यात नुसत्या रेडिएशनवर निम्मे पेशंट १२.१ महिने काढायचे ते गोळीमुळे १४.६ महिने काढू लागले, म्हणजे अडीच महिने वाढले! आणि आजही बहुतेकांच्या औषधांची सुरुवात त्याच गोळीने होते.

आधी वाटायचं पैसे ओता, होईल. पण ब्रिटनने २०१८ मध्ये, माजी मंत्री टेसा जोवेल याच आजाराने गेल्या तेव्हा, ब्रेन ट्युमर रिसर्चला ४ कोटी पौंड जाहीर केले आणि पाच वर्षांनी त्यातले निम्मेसुद्धा वाटून झाले नव्हते, कारण पैसे द्यावेत असे पुरेसे चांगले अर्जच येत नाहीत म्हणे. अर्ज करणारी माणसं आधी तयार व्हायला नकोत का? हे आमच्या बागवाल्यांना न सांगता कळेल, हापूसचं कलम लावलं की पहिली तीन-चार वर्षं मोहर आला तरी खुडून टाकतात, झाड आधी उभं राहू दे म्हणून, पण खत-पाणी त्या वर्षांतही घालावंच लागतं. रिसर्चला मात्र पहिल्याच वर्षी पेट्या किती विचारतात.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही, खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर रिसर्च सेंटर आहे, बेंगळुरूला निम्हान्सची, रिसर्चसाठी मेंदूचे नमुने जपून ठेवणारी, ब्रेन बँक आहे. मामासारख्यांनी दिलेले तुकडे आहेत. त्यांच्यावर दहा-दहा वर्षं बसून काम करणाऱ्या माणसांचा पगार वेळेवर होणं, माझ्या मते सगळ्यात आधी हे हवं.

मामाची धाकटी पेशींवरच पीएचडी करतेय. जेआरएफ म्हणजे रिसर्च करणाऱ्यांना सरकार देतं ती फेलोशिप, तिचे महिना ३७,००० रुपये, पण मागच्या वर्षी पाच महिने आलेच नाहीत, मामीने आंब्याचे पैसे पाठवले तेव्हा तिच्या खोलीचं भाडं गेलं. आता तिला जर्मनीहून बोलावणं आलंय. काल मामीचा फोन होता, "चेडू थंय गेला तर परत येतला काय गो?"