नवं इंजिन घरचं की बाहेरचं?

नव्या गाडीचं इंजिन स्वतः बनवायचं की दुसऱ्या कंपनीकडून घ्यायचं, हा विचार आज पुन्हा दोन सिलिंडरमधल्या अंतराशी येऊन अडकला. आलिशान गाडीचं इंजिन स्वतः करायचं म्हटलं की चर्चा ताकदीची, आवाजाची आणि बॉनेटखालच्या नावाची होते. ते सगळं मागाहून बदलता येतं. पण एका सिलिंडरच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर एकदा ठरलं की ब्लॉकचे साचे, क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा), हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली सील) आणि मशीनिंगची अख्खी लाइन त्याला जखडली जाते.

मर्सिडीजच्या एम२५६ या सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनात हे अंतर ९० मिमी आहे आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८३ मिमी. मधे उरतात फक्त ७ मिमी. अशा अरुंद जागेत उष्णता साठते, पाणी खेळवायला वाव नसतो, गॅस्केटची पकडही तिथेच सर्वांत कमी. बोअर वाढवण्याचा मोह तिथेच महागात पडतो. मग वाढ स्ट्रोकमधून (पिस्टनच्या वर-खाली धावेतून) किंवा टर्बोच्या दाबातून काढावी लागते. रोल्स-रॉइस आणि बेंटलीचं १९५९ चं व्ही८ (V आकारात मांडलेले आठ सिलिंडर) तसंच वाढलं: बोअर १०४.१ मिमीच राहिला, स्ट्रोक ९१.४ वरून ९९.१ मिमी झाला, आणि ६.२ लिटरचं ६.७५ लिटर होऊन ते बेंटलीत २०२० पर्यंत टिकलं. साच्यांचा खर्च अशा आयुष्यावर फिटतो. आजचे उत्सर्जनाचे नियम एवढी मुदत देतील, असं गृहीत धरणं मला धाडसाचं वाटतं.

दुसरी मेख कारागिरीची. हेडचे बोल्ट आवळले की बोअरची गोलाई किंचित बिघडते. ब्लॉक मोकळा ठेवून होनिंग (सिलिंडर आतून घासून अचूक करणं) केलं तर जोडणीनंतर रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन ऑइल खायला लागतं. म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट तेवढ्याच टॉर्कने आवळून होनिंग करायचं. टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएमला जास्त लोड आला की ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. यात ऑइलमधलं कॅल्शियमही भर घालतं. हे धडे ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांच्याकडून ब्लॉक-क्रँक घेणं यात कमीपणा कसला? ॲस्टन मार्टिननेही २०२० मध्ये जाहीर केलेलं स्वतःचं व्ही६ बाजूला ठेवून वल्हाल्ला या सुपरकारसाठी मर्सिडीजच्या एएमजीचं ४ लिटर व्ही८ घेतलं.

माझा कौल असा: खालचा भाग, म्हणजे ब्लॉक-क्रँक, विकत, पण कॅलिब्रेशन (इंधन, ठिणगी, टर्बोचं संगणकी नियंत्रण जुळवणं), एक्झॉस्ट आणि इंजिन गाडीला बसवणारे माउंट घरचे. गाडीचा स्वभाव त्यातच घडतो. थंडीतलं स्टार्टिंग, उंचीवरची हवा, कमी प्रतीचं इंधन, गिअर बदलतानाचा टॉर्क, या सगळ्याची कामं उत्पादन सुरू झाल्यावरही संपत नाहीत, तेव्हा ती टीम पगारावर टिकवावी लागणारच.

करारात दोन कलमं हवीत: उत्पादन बंद करण्याआधीची लेखी मुदत आणि त्यानंतर सुटे भाग किती वर्षं मिळणार. आणि सही करण्याआधी लांबी मोजायची. सरळ सहा हे व्ही६ पेक्षा लांब. एम२५६ मध्ये ४८ व्होल्टच्या वीजयंत्रणेमुळे पंप-कंप्रेसर फिरवणारा पुढचा बेल्टच काढता आला, म्हणून ते आखूड झालं. आपल्याला मिळणाऱ्या इंजिनावर बेल्ट असेल, तर समोरच्या धडकेसाठी राखलेली जागा उरते का, हे आधी पाहायचं.