तुम्ही विचारलंत म्हणून: आधी बंद करायला शिकवा

आम्ही नेरूळला दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर आमचा एक वन आरके आहे. तो भाड्याने देतो, बहुतेक नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांना. इथून ठाण्याची गाडी पकडली की घणसोली, रबाळे, ऐरोली सगळं सरळ पडतं. मुलगा यायच्या आधी त्याच्या आईचा फोन येतो. लातूर असो की सांगली, प्रश्न एकच: "ताई, पहिल्यांदाच एकटा राहणारेय. साधा चहासुद्धा येत नाही त्याला. काय काय शिकवून पाठवू?"

चहा येईल हो. चार दिवस पोळी-भाजी केंद्रातून डबा आणेल, पाचव्या दिवशी कंटाळून कुकर लावेल आणि शिट्ट्या किती घ्यायच्या ते तुम्हालाच फोन करून विचारेल. मी म्हणते, त्याला बंद करायला शिकवून पाठवा. चालू काय, कोणीही करतं.

हे शहाणपण मला तीन वर्षांपूर्वी आलं, रात्री पावणेबारा वाजता. वरचा मुलगा अनवाणी दारात. "काकू, बेसिनखालून पाणी येतंय, थांबतच नाही." वर गेले तर खोलीभर पाणी, गादीचं खालचं टोक भिजलेलं. बेसिनची कनेक्शनची नळी फाटली होती. पठ्ठ्या पंधरा मिनिटं तिला टॉवेल गुंडाळून धरून बसला होता आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर व्हिडिओ शोधत होता. नळी जिथे भिंतीला लागते तिथेच अँगल कॉक, म्हणजे त्या नळीचं पाणी बंद करायचा छोटा नळ. "दिसला होता काकू, पण तो कशाचा ते माहीत नव्हतं."

मी फिरवायला गेले तर हलेना. इतक्या वर्षांत कोणी हातच लावला नव्हता, क्षार धरून जाम झालेला. मग गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला धावलो. तिथे सगळे पाइप एकसारखे, आणि आमचा कुठला हे मलाही ठाऊक नाही! इतकी वर्षं घराची मालकीण म्हणवून घेतेय. शेवटी वॉचमनकाकांनी दाखवला. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली होती. रंगाचे पैसे मी दिले. मुलाकडून घेतले नाहीत, कारण चावी देताना मी त्याला गीझर दाखवला होता, वायफायचा पासवर्ड दिला होता, कचरा किती वाजता खाली ठेवायचा तेही सांगितलं होतं. कॉक दाखवला नव्हता.

आता चावीआधी अर्धा तास घेते. सगळे कॉक त्याच्याच हाताने फिरवायला लावते आणि महिन्यातून एकदा फिरवत जा म्हणून सांगते, म्हणजे जाम होत नाहीत. मग गॅस. आमच्याकडे पाइपचा आहे. व्हॉल्व्हची मूठ पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. शेगडीचं बटण बंद केलं म्हणजे गॅस बंद झाला असं या मुलांना वाटतं. वास आला तर आधी मूठ आडवी, खिडकी-दार उघडं, आणि दिव्याच्या बटणाला हात नाही, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. फोनसुद्धा बाहेर जाऊन करायचा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडर असलेल्या घरात वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं.

विजेचं थोडक्यात. गीझर आणि इस्त्री एकदम लावली, एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडला, की पोरं तो पुन्हापुन्हा वर ढकलत बसतात. आधी इस्त्रीचं बटण बंद कर, मग एमसीबी पूर्ण खाली आणि मग वर. तरीही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलाव. आणि 2,000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं, हे गणित सांगितलं की महावितरणचं बिल आल्यावर माझ्याशी भांडण होत नाही.

फोन बंद करणं हेही शिकवावं लागतं बरं का. "मी पोलीस बोलतोय, तुझ्या नावाने पार्सल सापडलंय" म्हणाला की कट कर. उद्धट वाटलं तरी कट कर. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, माझ्याकडे रडायला नंतर ये.

आणि करार. घर भाड्याने घेताना मुलं भाडं आणि डिपॉझिट बघतात. मी त्यांना शेवटचं पान आधी वाचायला लावते: नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी सोडलं तर काय, डिपॉझिटमधून काय कापणार. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला" असं दलाल सांगतात. महाराष्ट्रात ते चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि ती जबाबदारी मालकाची. मी स्वतः मालकीण असून हे सांगते, तेव्हा मुलं जरा संशयानेच बघतात.

गेल्या दिवाळीला सध्याचा मुलगा लातूरला निघाला. लोणावळ्याच्या पुढून फोन: "काकू, गॅस बंद केलाय की नाही आठवत नाहीये." दुसरी चावी घेऊन वर गेले. मूठ आडवी. कॉक सगळे घट्ट. मेन स्विचही खाली, मनात म्हटलं शाब्बास. मग फ्रिजकडे लक्ष गेलं. आत दुधाच्या दोन पिशव्या, वाटीभर आमटी आणि फ्रीझरमध्ये अर्धा किलो कोळंबी.

मी मेन स्विच वर केला. कोळंबी आम्ही खाल्ली.